बडे बाबूंचे टायर

चहा घेणार की कॉफी, या प्रश्नाला बडे बाबूंनी सरळ उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. "बाकीच्याईचं काय ठरलं?" असं ते विचारायचे आणि बाकीच्यांचं जे ठरलं असेल ते मुकाट्यानं प्यायचे. बाकीचे कोणी नसले तर, "जे बनून राह्यलं असंन ते द्या." एकदा कॅन्टीनवाल्यानं मुद्दाम सांगितलं, बाबू, दोन्ही तयार आहे. बाबू पेलाभर पाणी पिऊन जागेवर येऊन बसले.

त्यांचं नाव बळवंत चोपडे. पण खामगावच्या आमच्या सरकारी कार्यालयात त्या नावानं त्यांना फक्त पगारपत्रक ओळखायचं. बाकी सगळ्यांसाठी ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा माझ्या गावाहून, उंद्रीहून, पहिल्यांदाच एकटी बाहेर पडले होते. आमच्या घरात नोकरी म्हणून ऑर्डर हातात आलेली मीच पहिली. रुजू होण्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय, हिवराळे बाई. जपा. अक्षर चांगलं असलं का मानसाले कोनी काही इचारत नाही, फक्त लिवाले सांगते."

मला ते कौतुक वाटलं. पुढं कित्येक वर्षं कौतुकच वाटत राहिलं.

कामाची दीक्षा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिली. "आपुन सादर कराव, बाई. ठरवू नाही. निर्णय साहेबाचा, शाई आपली." बाबूंची टिपणी म्हणजे नमुना असायचा. एका बाजूला होकाराची कारणं, दुसऱ्या बाजूला नकाराची, आणि दोन्ही पारडी इतकी समतोल की नवा साहेब ती वाचून आधीपेक्षा जास्त गोंधळायचा. शेवटी 'आदेशार्थ सादर' असं लिहून बाबू मोकळे. साहेबांनी कुठलाही निर्णय घेतला तरी बाबूंच्या टिपणीत त्याला आधार सापडायचा आणि तो निर्णय चुकला तर त्याच टिपणीत आधीच दिलेला इशाराही सापडायचा. त्यांच्या निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "चोपड्यांनी एवढ्या नोकरीत एकही चूक केली नाही." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. चूक करायला आधी काहीतरी करावं लागतं, हे मला तेव्हा सुचलं, पण हार घातलेल्या माणसाबद्दल असं मनात आणू नये म्हणून मी पेढा तोंडात टाकला.

अशा माणसाच्या गळ्यात, निवृत्तीनंतर वर्षभरातच, एक पिकअप गाडी पडली.

बाबूंचे धाकटे भाऊ पिंपळगाव राजाला शेती करायचे. त्यांची नजर अधू झाली तसे ते पुण्याला मुलाकडे गेले. शेत बटईनं लावलं आणि बारा वर्षांची जुनी पिकअप, तिच्या ड्रायव्हरसकट, थोरल्या भावाच्या स्वाधीन केली. गाडी कधीकाळी पांढरी होती. जाताना भावानं एवढंच सांगितलं होतं, "दादा, गाडी दनकट हाय. फक्त टायर घासून गोटा झाले आन् शॉकअप मेले. तेवढे बदलून घ्या."

तेवढे बदलून घ्या. बाबूंच्या आयुष्यात प्रथमच एक फाइल अशी आली होती, की जिच्यावर सही करायला वर कोणी साहेब नव्हता.

ड्रायव्हरचं नाव उत्तम वाकोडे. पन्नाशीला आलेले, उंच, काटक, आणि बोलायला अगदी कमी. गाडी शोरूममधून आणली तेव्हापासून तिच्या स्टिअरिंगवर त्यांच्याशिवाय कोणी बसलेलं नव्हतं. कांदे, मिरच्या, मांडवाचं सामान, शाळेचे बाक, जे भाडं मिळेल ते ते पिंपळगावहून खामगावला आणि खामगावहून पिंपळगावला नेत. मला भेटले की बाबूंच्या समोर ते "नमस्कार, ताई" म्हणायचे. बाबू नसले की "जय भीम, ताई." बाबूंना त्याचं काही वावडं होतं असं नाही. उत्तमभाऊंनी ते ठरवायची वेळच त्यांच्यावर येऊ दिली नाही, इतकंच.

बाबू आमच्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहायचे. एका रविवारी सकाळी ते कागदाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले. "बाई, एक तुलनात्मक तक्ता आखून द्याचा हाय. टायरचा." मी हसले, पण ते हसत नव्हते. सरकारी नियमाप्रमाणे कुठल्याही खरेदीला तीन कोटेशनं लागतात, आणि घरची खरेदी झाली म्हणून नियम का मोडावा? मी तांबड्या आणि निळ्या शाईनं तक्ता आखून दिला. त्यात टायरची बांधणी होती, नक्षी होती, वजन झेलण्याची ताकद होती, दुकानदाराचा स्वभाव हासुद्धा एक रकाना होता. तीन दुकानं खामगावातली झाली. मग बाबूंना शंका आली, की तिन्ही दुकानदार एकमेकांच्या ओळखीचे असतील तर? म्हणून नांदुऱ्याची तीन. मग मलकापूर. मग अकोला. तक्ता रुंदीला वाढत गेला, तसा मी त्याला कागद चिकटवत गेले.

या अभ्यासातून बाबूंना खरंच पुष्कळ कळलं, हे मान्य केलं पाहिजे. पुढच्या चाकांना सरळ रेघांचे टायर लागतात, कारण गाडी पुढच्या चाकांनी वळते. मागच्या चाकांना खोल खाचांचे लागतात, कारण ओझं तिथं असतं आणि माती तिथंच धरायची असते. हे ते मला बाजारात भाजी घेता घेता समजावून सांगायचे. मग त्यांना टायरच्या अंगावरचे चार आकडे सापडले. पहिले दोन आकडे म्हणजे कितव्या आठवड्यात टायर बनला, पुढचे दोन म्हणजे कुठल्या वर्षी. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं आणि बाबूंनी जणू चौकशी समितीच नेमली. नांदुरा रोडवरचे टायरवाले इस्माईलभाई टायर गडगडवत आणायचे आणि बाबू गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, आकडे वाचायचे.

"इस्माईलभाई, हा चौदा महिन्याचा हाय."

"बाबूजी, चौदा महिन्याचं तर लेकरू चालाले लागते. टायरले काय झालं?"

"तसं नाही. पाहू. कळवतो."

एका दिवाळीत त्यांनी एक जोडी जवळजवळ पसंत केली. फक्त एकदा मलकापूरला विचारून येतो म्हणाले. मलकापूर, अकोला, पुन्हा खामगाव असं करत ते परत इस्माईलभाईंकडे पोचले तेव्हा पुढची दिवाळी आली होती. तीच जोडी अजून दुकानात होती. बाबूंनी वाकून आकडे वाचले आणि टायर जुने आहेत म्हणून नापास केले. इस्माईलभाईंनी चहा मागवला, शांतपणे एक घोट घेतला आणि विचारलं, "बाबूजी, तुमाले टायर घ्याचं हाय का टायरले पोरगी द्याची हाय?"

हे बाबूंनीच मला येऊन सांगितलं. त्यांना स्वतःवर हसता यायचं. अडचण एवढीच, की हसून झाल्यावर ते पुन्हा तक्ता उघडायचे.

त्यातच शॉकअपचा पेच निघाला. शॉकअप मेलेले असतील तर गाडी रस्त्यावर उड्या मारत चालते आणि नवे टायर जागोजागी चट्टे पडून घासतात. म्हणजे आधी शॉकअप घ्यायला हवेत. पण टायर गुळगुळीत असताना नवे शॉकअप घातले, तर त्यांच्यावर नको तो ताण येतो, असं अकोल्याच्या एकानं सांगितलं. म्हणजे आधी टायर. मग दोन्ही एकदम घ्यावेत, तर ज्याच्याकडे टायर चांगले त्याच्याकडे हवे ते शॉकअप नाहीत, आणि ज्याच्याकडे शॉकअप आहेत त्याचा दुकानदाराच्या स्वभावाच्या रकान्यात शेरा वाईट. बाबूंनी यावर दोन पानी टिपणी लिहिली. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. सवयच तशी होती.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहून आमचा उद्योग बघायच्या. एकदा म्हणाल्या, "याईच्या बाबानं आमचं लगन एका दुपारी ठरोलं. याईच्या हाती असतं तं मी आजून बाळापूरलेच असती." बाबू मान खाली घालून पट्टीनं रेघ ओढत राहिले. "ते वेगळं होतं," एवढंच म्हणाले.

आता खरी गंमत अशी, की या काळात बाबू टायरचे जाणकार म्हणून पंचक्रोशीत नावारूपाला आले. लोक सल्ल्याला यायला लागले. वडनेर भोलजीचा एक कांदेवाला आपली गाडी घेऊन आला. बाबू तिच्याभोवती एक फेरी फिरले, बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, गाडी किती झुलते ते पाहिलं, टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं घालून खोली बघितली, आणि दहा मिनिटांत सांगून टाकलं, हे टायर घे, ते शॉकअप घे, अमक्या दुकानात जा, माझं नाव सांग. "दाबलं का येकदा खाली गेली पाह्यजे, येकदा वर आली पाह्यजे, मंग थांबली पाह्यजे. झुलत राहू नाही." कांदेवाला खूश होऊन गेला. त्याचे टायर खरंच उत्तम निघाले. मग त्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याचा शेजारी. दुसऱ्याच्या गाडीबद्दल बाबू असा झटपट निकाल द्यायचे, की मला त्यांची ओळख पटेना. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तो सल्ला झाला, बाई. घेनारा तो हाय. चुकलं तं त्यानं घेतलं."

आणि त्यांच्या दारातली स्वतःची पिकअप, नुसता हात टेकला तरी पाळण्यासारखी झुलायची.

एक दिवस माझं कपाट हलवायचं होतं म्हणून उत्तमभाऊ गाडी घेऊन आमच्या फाटकाशी आले. कपाट चढवताना माझा हात मागच्या टायरवर पडला. तो टायर माझ्या तळहातापेक्षा गुळगुळीत होता. एका जागी रबर संपून आतले धागे दिसत होते.

"उत्तमभाऊ, हे असं कसं चालवता?"

"हळू चालवतो, ताई." ते दोर बांधत होते. "तक्ता होऊन राह्यला म्हनते बाबू."

माझ्या बोटांना तांबडी शाई लागलेली होती. मी हसले. उत्तमभाऊही थोडे हसले. एवढंच झालं. त्या दिवशी मी बाबूंकडे जाऊन काही बोलले नाही. ते मोठे, मी त्यांच्या हाताखाली वाढलेली, आणि गाडी काही माझी नव्हती. एखादी गोष्ट न बोलायला माणसाला किती कारणं मिळतात. मला तर एका फाटकाशी उभ्या उभ्या तीन मिळाली.

टायर फुटला तो मे महिन्यात, भर दुपारी. उत्तमभाऊ पिंपळगावहून कांद्याची पोती घेऊन निघाले होते. मागचा डावा टायर फुटला, गाडी एका अंगाला बसली. शॉकअपमध्ये जीव असता तर कदाचित सावरली असती, पण ती एकदा इकडे झुलली, एकदा तिकडे झुलली आणि रस्ता सोडून बाभळीवर जाऊन आदळली. उत्तमभाऊंच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना चीर गेली. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी त्यांना काढलं. कांदे बऱ्याच लांबपर्यंत घरंगळले होते म्हणे.

बाबूंना फोन आला तसे ते माझ्याकडे आले. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. "बाई, चला," म्हणाले. रिक्षात ते दवाखाना येईपर्यंत नुसते आपल्या हातांकडे बघत होते.

दवाखान्यात उत्तमभाऊ पाठीवर पडून होते, छातीभोवती पट्टा, डोळे छताच्या पंख्याकडे. उशाशी त्यांची बायको सुमित्रा बसली होती. ती निंदणीच्या कामावरून तशीच आली होती, पदराला अजून गवताची कुसळं होती. बाबू पायथ्याशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ते माफी मागतील, किंवा रडतील. पण बाबू म्हणाले,

"उत्तम, तू सांग. कोनते टायर घ्याचे?"

मला इतका राग आला की मी तोंड फिरवलं. हाड मोडून पडलेल्या माणसाला हे काय विचारणं. पण उत्तमभाऊंनी पंख्यावरची नजर काढली आणि पहिल्यांदा बाबूंकडे पाहिलं.

"तीन साल झाले, बाबू."

"हाव."

"खामगाव झालं, नांदुरा झालं, मलकापूर, अकोला. त्या वडनेरच्या कांदेवाल्याले सांगतलं. आज मले इचारून राह्यले."

"हाव," बाबू म्हणाले.

उत्तमभाऊंनी बोलायला श्वास घेतला आणि कळ आली तशी डोळे मिटले. तेव्हा सुमित्रा बोलली. बाबूंकडे न बघता, नवऱ्याच्या उशीची सुरकुती सारखी करत बोलली.

"त्याईले त्रास होऊन राह्यला. मी सांगते. पुढं सरळ रेघाचे, मांगं खाचेचे. दहा प्लायचे, दहा थराचे, त्याच्या खाली नोको. पातळ अंगाचे नोको, आपल्या रस्त्यानं गोटे हायत, बाजूनं फाटते. शॉकअप चारीच्या चारी येकदम, दोन जुने दोन नवे असं नाही. आन् मांगच्या कमानपाट्याईच्या रबरा पन त्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतं आवाज करते."

मी बघतच राहिले. ही बाई कधी त्या गाडीच्या पुढच्या सीटवरसुद्धा बसली नव्हती.

"तुले कसं मालूम?" बाबूंनी विचारलं.

"तीन सालापासून रोज जेवताना हेच ऐकून राह्यली," सुमित्रा म्हणाली. "घरीच सांगतील ना, दुसऱ्या कोनाले सांगतील?"

माझ्या डोळ्यांपुढे तो तक्ता आला. बांधणी, नक्षी, ताकद, दुकानदाराचा स्वभाव. एवढे कागद चिकटवले, एवढ्या रेघा ओढल्या, पण गाडी चालवणाऱ्याचं म्हणणं, असा रकाना त्यात नव्हता. बाबूंना सुचला नाही, हे एक वेळ समजू शकते. पण मला? मी उंद्रीच्या ज्या वस्तीत वाढले, तिथल्या माणसांना कधी कोणी काही विचारत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मीही तो रकाना आखला नाही. माझं अक्षर चांगलं होतं.

बाबूंनी खिसे चाचपले. कागद नव्हता. कॉटवर एक्स-रेचं पाकीट पडलं होतं ते त्यांनी उचललं आणि सवयीनं पेन माझ्यापुढे धरला. "लिवा, बाई."

"तुम्हीच लिहा, बाबू," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांना नाही म्हटलं ते एवढंच. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग पाकीट गुडघ्यावर ठेवून स्वतः लिहिलं. रेघ वाकडी जात होती. सुमित्रा पुन्हा एकदा सावकाश सांगत गेली.

गाडीचा पत्रा ठोकून झाला तसे बाबू ते पाकीट घेऊन इस्माईलभाईंच्या दुकानात गेले. मी सोबत होते. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचून दाखवलं. इस्माईलभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"नक्की, बाबूजी?"

"नक्की."

"आन् तक्ता?"

"तक्ता घरी हाय."

टायर आले. बाबू सवयीनं वाकले, चार आकडे वाचले. टायर अकरा महिन्यांचे होते. बाबू कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, "चालते." शॉकअप त्याच दुकानाच्या मागच्या फळीवर होते, पहिल्या दिवसापासून होते. टायर, शॉकअप आणि रबरं मिळून सगळं काम जेवायच्या सुट्टीआधी आटोपलं. बाबूंनी बॉनेटचा कोपरा दाबला. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. बाबू मात्र बराच वेळ तिथंच हात टेकून उभे होते.

उत्तमभाऊंना स्टिअरिंगवर परत बसायला तीन महिने लागले. तेवढ्या काळात बाबू रोज डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे, आधी दवाखान्यात, मग पिंपळगावला. हाड जुळलं, पण डावा खांदा पहिल्यासारखा झाला नाही. हात खांद्याच्या वर जात नाही आणि गिअर टाकताना अजून दुखतो.

इथं बाबू बदलले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या मते ते बदललेच होते. त्यांनी आता प्रत्येक गोष्ट उत्तमभाऊंना विचारायला सुरुवात केली. भावाच्या शेतात बटईवाल्याला काय पेरायला सांगायचं, ते उत्तमला विचारून. घराला रंग कुठला द्यायचा, उत्तमला विचारून. पहिल्यांदा नव्या टायरवर पिंपळगावला निघालो तेव्हा आम्ही तिघं पुढं बसलो होतो आणि बाबू दर फर्लांगाला विचारत होते, "उत्तम, कसं वाटते? हळू घेतं का? इथून वळतं का पुढून?" शेवटी उत्तमभाऊ म्हणाले, "बाबू, गाडी मी चालवून राह्यलो ना? मंग बसा जरा."

नंतर एकदा मला बाजारात भेटले तेव्हा अगदी काकुळतीला येऊन सांगत होते. "ताई, परवा मले इचारलं, मोतीबिंदूचं आपरेशन डाव्या डोळ्याचं आंधी करू का उजव्याचं. आता हे मी कसं सांगू?"

"मग काय सांगितलंत?"

"डावा म्हनलो. काही तरी म्हना लागते ना. आता नाही दिसलं तं माह्यावर."

म्हणजे बाबूंना साहेब मिळाला होता, एवढंच. मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं, कारण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आणि बाबू ज्याला त्याला सांगत सुटले, "उत्तमनं ठरोलं. त्याले समजते." त्यांच्या त्या सांगण्यात खोट नव्हती. आयुष्यभर त्यांनी साहेबांना मान दिला तो वरवरचा होता. उत्तमभाऊंना दिला तो मनापासून होता. फक्त ओझं मात्र त्यांनी दोघांवरही सारखंच टाकलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत बाबू गेले. सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, काकू आतून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कॉलनीच्या सभागृहात शोकसभा झाली. साहेब बोलले, शेजारी बोलले. वडनेरचा कांदेवाला मुद्दाम आला होता. त्यानं सांगितलं, "टायरमधला असा जानकार मानूस पुन्हा होनार नाही. त्याईनं सांगतलेले टायर अजून चालून राह्यले माहे." लोकांनी माना डोलावल्या. त्याचा मेहुणाही दोन शब्द बोलला. माझी पाळी आली तेव्हा मी अक्षराबद्दल काहीतरी बोलले आणि खाली बसले. उत्तमभाऊ मागं, चपला काढतात त्या दाराशी उभे होते. त्यांचं नाव कोणी पुकारलं नाही.

सभा संपल्यावर ते भाड्यानं आणलेल्या खुर्च्या पिकअपमध्ये भरत होते. मी जवळ गेले.

"जय भीम, ताई."

"जय भीम." मी विचारलं, "आत सगळे टायरचंच बोलत होते. तुम्हाला राग नाही आला?"

त्यांनी एकात एक घातलेल्या खुर्च्यांची चवड आत सरकवली.

"राग कायचा, ताई. बाबू मानूस चांगला व्हता. कोनता मालक ड्रायव्हरच्या घरी तीन महिने डबा पोचवते? पन त्याईले जनमभर येकच भेव व्हतं, का चूक झाली तं कोनी तरी बोलीन." ते दोर उलगडू लागले. "मले ते भेव नवतं. माह्यी चूक झाली असती तं बोलनं खायाले मी राह्यलोच नसतो."

त्यांनी दोर खुर्च्यांवरून पलीकडे टाकला. डाव्या हातानं तो ओढला जाईना. मी वळसा घालून गेले आणि दुसरं टोक धरलं.